मूल परदेशी नेण्याचा वाद आणि न्यायालयाचे घड्याळ

विभक्त आईवडिलांपैकी एकाला मुलासह परदेशी जायचे असते, दुसऱ्याचा त्याला विरोध असतो. अशा वादांत कायदा काय सांगतो, न्यायालये कशाचा विचार करतात आणि उशीर करणाऱ्याला त्याची किंमत कशी मोजावी लागते, याचा हा आढावा.

संसार मोडला की घराची, दागिन्यांची, बँकेतील ठेवींची वाटणी करता येते. मुलाची वाटणी करता येत नाही. दोन्ही पालक एकाच शहरात असतील तर शनिवार-रविवार, दिवाळीची आणि मे महिन्याची सुटी असे काहीतरी वेळापत्रक बसवता येते. परंतु त्यांपैकी एकाला अमेरिकेत, आखातात किंवा युरोपात नोकरी मिळाली की हे वेळापत्रक कोलमडते. मूल त्याच्यासोबत गेले तर इथे राहणाऱ्या पालकाची आठवड्याची भेट वर्षातील एखाद्या भेटीवर येते. आणि मूल जाऊ दिले नाही तर नोकरी की मूल, असा पेच जाणाऱ्यापुढे उभा राहतो.

या वादांत 'आईचा हक्क मोठा की बापाचा' असा प्रश्न बहुधा विचारला जातो. न्यायालये मात्र तो प्रश्न फारसा विचारात घेत नाहीत. मुलाचे हित कशात आहे, एवढेच ते पाहतात. आणि हित ठरवताना एक गोष्ट इतर अनेक गोष्टींवर मात करते, ती म्हणजे काळ. मूल कोठे, किती दिवस आणि कितपत रुजले, यावर निकालाचे पारडे झुकते.

पालक कोण?

हिंदू अज्ञानत्व व पालकत्व अधिनियम, १९५६ च्या कलम ६ नुसार अल्पवयीन मुलाचा नैसर्गिक पालक वडील आणि त्यांच्यानंतर आई, असा क्रम दिलेला आहे. मात्र पाच वर्षांखालील मुलाचा ताबा सर्वसाधारणपणे आईकडे असावा, असेही तेच कलम सांगते. या क्रमातील 'नंतर' या शब्दाचा अर्थ केवळ 'वडिलांच्या मृत्यूनंतर' असा नाही, वडील मुलाकडे लक्ष देत नसतील तर त्यांच्या हयातीतही आई पालक ठरू शकते, असे सर्वोच्च न्यायालयाने १९९९ साली लेखिका गीता हरिहरन यांच्या प्रकरणात स्पष्ट केले. याच कायद्याच्या कलम १३ नुसार मुलाचे कल्याण हाच सर्वोच्च निकष आहे.

याहून जुना, सर्व धर्मीयांना लागू असलेला कायदा म्हणजे पालक व पाल्य अधिनियम, १८९०. परदेश प्रवासाच्या दृष्टीने त्यातील दोन तरतुदी महत्त्वाच्या आहेत. मूल सामान्यतः जिथे राहते तेथील न्यायालयात पालकत्वाचा अर्ज करावा लागतो, ही पहिली (कलम ९). आणि न्यायालयाने नेमलेल्या पालकाला न्यायालयाच्या परवानगीशिवाय पाल्याला त्या न्यायालयाच्या हद्दीबाहेर नेता येत नाही, ही दुसरी (कलम २६).

येथे एक व्यावहारिक सूचना आवश्यक आहे. न्यायालयाचा कोणताही आदेश नसताना एका पालकाने मूल दुसऱ्याकडून नेले, तर पोलिसांत अपहरणाची तक्रार करून प्रश्न सुटेल अशी अनेकांची समजूत असते. ऑक्टोबर २०२३ मध्ये मुंबई उच्च न्यायालयाच्या नागपूर खंडपीठाने, न्यायालयीन मनाई नसेल तर नैसर्गिक पालक असलेल्या वडिलांवर स्वतःच्याच मुलाच्या अपहरणाचा गुन्हा लावता येत नाही, असा निर्णय दिला. तात्पर्य, पोलीस ठाण्याआधी दिवाणी न्यायालयाचा आदेश हाती असणे महत्त्वाचे.

पासपोर्टाची चौकी

परदेशवारीच्या वादाची पहिली ठिणगी बहुधा पासपोर्टाच्या अर्जावर पडते. अल्पवयीन मुलाच्या पासपोर्टासाठी दोन्ही पालकांची संमती देणारे घोषणापत्र जोडावे लागते. एक पालक संमती देत नसेल, तर दुसऱ्याने परिस्थिती नमूद करणारे वेगळे घोषणापत्र द्यायचे असते. ही सोय असली, तरी प्रत्यक्षात अर्ज अडकतात.

पुण्यातील एका १७ वर्षांच्या विद्यार्थिनीचे प्रकरण याचे बोलके उदाहरण आहे. तिची जपानच्या अभ्यासदौऱ्यासाठी निवड झाली होती. आईवडिलांचा घटस्फोटाचा दावा प्रलंबित होता, वडिलांनी संमती नाकारली आणि पासपोर्ट कार्यालयाने अर्ज अडवला. जानेवारी २०२५ मध्ये न्या. भारती डांगरे व न्या. अश्विन भोबे यांच्या खंडपीठाने पासपोर्ट देण्याचा आदेश दिला. परदेश प्रवासाचा हक्क हा राज्यघटनेच्या अनुच्छेद २१ मधील जीवन व व्यक्तिस्वातंत्र्याच्या हक्काचा भाग आहे आणि आईवडिलांच्या भांडणापायी मुलीचा तो हक्क डावलता येणार नाही, असा त्या निर्णयाचा आशय होता.

उलट बाजूही ध्यानात घ्यावी. पासपोर्ट आणि व्हिसा हाती आल्यानंतर विमानतळावर दुसऱ्या पालकाची संमती तपासण्याची सर्वसाधारण पद्धत आपल्याकडे नाही. अमेरिकेत जन्मलेल्या मुलाजवळ तर तेथील पासपोर्ट आधीपासूनच असतो. म्हणून मूल गुपचूप नेले जाईल अशी रास्त भीती असणाऱ्या पालकाने मनाई आदेश, आणि मुलाचा पासपोर्ट न्यायालयात जमा करण्याचा आदेश, वेळीच मागावा लागतो. विमान सुटल्यावर खटला संपत नाही, पण तो फार अवघड होतो.

विचारून जाणारे

परवानगी मागून जाणाऱ्या पालकांच्या बाबतीत न्यायालयांचा कल गेल्या काही वर्षांत अधिक समजूतदार झालेला दिसतो. पुण्यातील एका अभियंता महिलेला कंपनीने पोलंडमध्ये दोन वर्षांच्या कामाची संधी दिली. नऊ वर्षांची मुलगी तिच्याकडेच राहत होती. कौटुंबिक न्यायालयाने मुलीला नेण्याची परवानगी नाकारली. मुलगी आपल्यापासून तुटेल, असे वडिलांचे म्हणणे होते. शेजारच्या युक्रेनमधील युद्धाचाही त्यांनी दाखला दिला. जुलै २०२२ मध्ये न्या. भारती डांगरे यांनी आईला परवानगी दिली. आईच्या नोकरीतील प्रगती आणि मुलीचे वडिलांशी असलेले नाते यांत समतोल साधला पाहिजे, आईला या दोहोंपैकी एक निवडायला लावणे योग्य नाही, ही त्यामागची भूमिका. सुटीत मुलीला भारतात आणून वडिलांना भेटू द्यायचे आणि एरवी व्हिडिओ कॉलवर संपर्क ठेवायचा, अशा अटी घालण्यात आल्या.

सर्वोच्च न्यायालयाने २०१० साली एका आईला मुलासह ऑस्ट्रेलियाला, तर २०२० साली बंगळुरूच्या एका आईला मुलासह सिंगापूरला जाण्याची मुभा दिली. २०१० च्या निकालात आणखी एक तत्त्व अधोरेखित झाले. ताब्याचा आदेश हा कायमचा शिलालेख नसतो, मुलाचे वय व गरजा बदलल्या की तो बदलता येतो. आज परवानगी मिळालेल्या पालकाने आणि आज हरलेल्या पालकानेही हे लक्षात ठेवावे.

या सर्व प्रकरणांतील समान धागा असा : जाणाऱ्या पालकाने आधी विचारले, कारण पटवून दिले, शाळा कोणती, राहणार कोठे, घरी मुलाकडे कोण पाहणार हे सांगितले आणि दुसऱ्या पालकासाठी दार उघडे ठेवले.

न विचारता नेले तर? पुण्याचे १९८६

न विचारता मूल हलवल्याची प्रकरणे याहून कितीतरी कटू असतात. त्यांतील दोन प्रकरणे महाराष्ट्राशी जोडलेली आहेत आणि ती शेजारी ठेवून पाहिली की काळाचे महत्त्व कळते.

पहिले प्रकरण अमेरिकेतील मिशिगन राज्यातले. पत्नी अमेरिकी, पती भारतीय. १९८२ साली तेथील न्यायालयाने घटस्फोट देऊन मुलाचा ताबा आईकडे सोपवला; वडिलांना आठवड्याच्या शेवटी भेटीचा हक्क दिला. जानेवारी १९८६ मध्ये अशाच एका शनिवार-रविवारच्या भेटीसाठी वडिलांनी मुलाला शाळेतून घेतले आणि आईला पत्ता लागू न देता ते त्याला घेऊन भारतात आले. मूल पुण्यात आजीआजोबांकडे ठेवण्यात आले. अमेरिकी वकिलातीचे अधिकारी पुण्यापर्यंत चौकशीला येऊन गेले. शेवटी आईने थेट सर्वोच्च न्यायालयात बंदी प्रत्यक्षीकरणाची म्हणजे हेबियस कॉर्पसची याचिका दाखल केली. न्यायाधीशांनी आठ वर्षांच्या त्या मुलाशी स्वतः बोलून घेतले आणि नोव्हेंबर १९८६ मध्ये त्याला आईच्या हवाली करण्याचा आदेश दिला. न्यायालयाने दिलेल्या सवलतीचा गैरफायदा घेऊन मूल पळवणाऱ्याला त्या कृतीचा लाभ मिळू द्यायचा नाही, ही भूमिका त्यातून स्पष्ट झाली. मूल आल्यापासून निकालापर्यंत जेमतेम दहा महिने गेले होते.

बारा वर्षांचे अंतर

दुसरे प्रकरण मुंबईतील न्यायालयांतून दिल्लीला गेले. मुलाचा जन्म १९८३ साली अमेरिकेत झाला. तो अवघा काही आठवड्यांचा असताना आईने पतीचे घर सोडले आणि पुढे ती त्याला घेऊन भारतात परतली. वडिलांनी अमेरिकी न्यायालयाकडून आपल्या बाजूने आदेश मिळवले. येथील दावा वर्षानुवर्षे चालला. सर्वोच्च न्यायालयाचा निकाल लागला तो ४ नोव्हेंबर १९९७ रोजी, आणि तोवर मुलगा बारा वर्षे ओलांडून गेला होता. एवढ्या काळात आईनेच त्याला वाढवले होते, भारत हेच त्याचे घर झाले होते. मुंबईत वडिलांच्या बाजूने गेलेला निकाल सर्वोच्च न्यायालयाने फिरवला आणि मूल आईकडे राहिले.

या निकालाने एक उपयुक्त भेद केला. परदेशातून मूल आणल्यावर दुसरा पालक तातडीने न्यायालयात आला, तर सखोल चौकशीत न शिरता मुलाला परत पाठवण्याचा विचार करता येतो. परंतु बराच काळ लोटला असेल, तर मुलाच्या हिताची सविस्तर चौकशी करावी लागते. परदेशी न्यायालयाचा आदेश हा त्या चौकशीतील केवळ एक मुद्दा उरतो.

दहा महिने आणि बारा वर्षे, या दोन आकड्यांमध्येच या वादाचे मर्म आहे. पहिल्या प्रकरणात मुलाची मुळे अजून मिशिगनमध्ये होती. दुसऱ्यात ती इथे रुजली होती, आणि ती उपटणे म्हणजे मुलालाच शिक्षा झाली असती.

हेलकावणारा लंबक

त्यानंतरचे निकाल एकाच दिशेने गेलेले नाहीत. २००९ साली सर्वोच्च न्यायालयाने अमेरिकेतून आणलेल्या एका मुलाला परत नेण्याचा आदेश दिला. मूल भारतात येऊन दोन वर्षे झाली होती, तरी त्याला एका गावाहून दुसऱ्या गावी, एका शाळेतून दुसऱ्या शाळेत हलवले गेले होते. आई व मूल सापडले ते केंद्रीय अन्वेषण विभागाच्या शोधानंतर. नुसता काळ गेला म्हणून मूल रुजले असे होत नाही, हा त्याचा अर्थ.

२०१५ साली परदेशी न्यायालयाच्या आदेशाला अधिक मान देणारा निकाल आला. जुलै २०१७ मध्ये तीन न्यायमूर्तींच्या पीठाने लंबक पुन्हा मुलाच्या हिताकडे वळवला. लंडनहून आईने आणलेल्या, हृदयविकार असलेल्या मुलीला परत पाठवण्याचा दिल्ली उच्च न्यायालयाचा आदेश या पीठाने रद्द केला. पीठाच्या वतीने निकाल लिहिणारे न्या. अजय खानविलकर मूळचे महाराष्ट्रातलेच. मात्र २०१९ आणि २०२२ मध्ये अमेरिकेत मुले परत पाठवण्याचेही आदेश झाले. जानेवारी २०२२ चा निकाल न्या. अभय ओक यांनी लिहिला. मुलाने परत जावे. परंतु आईने सोबत जायचे की नाही हा तिचा स्वतःचा निर्णय आहे, तिला त्यासाठी भाग पाडता येणार नाही आणि ती गेल्यास प्रवासाचा व राहण्याचा खर्च वडिलांनी करावा, असे त्यात म्हटले होते.

हेगचा करार आणि आपली अडचण

अशा वादांसाठी २५ ऑक्टोबर १९८० रोजी नेदरलँड्समधील हेग येथे आंतरराष्ट्रीय करार झाला. शंभराहून अधिक देश आज त्यात सहभागी आहेत. सोळा वर्षांखालील मूल त्याच्या नेहमीच्या वास्तव्याच्या देशातून बेकायदा हलवले गेले आणि वर्षाच्या आत अर्ज झाला, तर मूल तातडीने परत पाठवावे आणि ताबा कोणाचा याचा निर्णय त्या देशातील न्यायालयाने करावा, असे त्याचे सूत्र आहे. वर्ष उलटून गेले असेल आणि मूल नव्या जागी रुजले असेल, किंवा परत पाठवल्यास त्याला गंभीर धोका असेल, तर अपवाद करता येतो. म्हणजे काळाचे महत्त्व या करारानेही मान्य केले आहे, फक्त त्याची सीमा आखून दिली आहे.

भारत या करारात सहभागी नाही. विधी आयोगाने २००९ च्या २१८ व्या अहवालात सहभागी होण्याची शिफारस केली. २०१६ च्या २६३ व्या अहवालात मसुदा विधेयकही सुचवले. त्यानंतर न्या. राजेश बिंदल यांच्या अध्यक्षतेखाली नेमलेल्या समितीने २०१८ मध्ये वेगळी वाट सुचवली : परत पाठवण्याचा सरसकट नियम नको, त्याऐवजी भारतातच अशा वादांसाठी स्वतंत्र प्राधिकरण असावे. या भूमिकेमागे एक खरी चिंता आहे. परदेशात मारहाण, छळ सोसून मुलासह माहेरी परतलेल्या स्त्रीला हा करार 'अपहरण करणारी' ठरवतो आणि ज्या देशात तिला ना नातेवाईक ना पैसा, तिथे लढायला पाठवतो. दुसरी बाजूही तितकीच खरी आहे. कराराबाहेर राहिल्याने भारतातून परदेशी नेलेल्या मुलासाठी इथल्या आईला किंवा वडिलांनाही त्या कराराचा आधार घेता येत नाही. सीमा दोन्ही बाजूंनी बंद राहते आणि त्या काळात मूल मोठे होत जाते.

परवानगीने पाठवलेले मूलही कधी हातचे जाते. दिल्लीतील एका मुलाला केनियाला नेण्याची परवानगी सर्वोच्च न्यायालयाने ऑक्टोबर २०२० मध्ये दिली, तेव्हा केनियातील न्यायालयाकडून तसाच प्रतिबिंब आदेश आणण्याची आणि एक कोटी रुपये जमा करण्याची अट वडिलांना घातली होती. पुढे वडिलांनी तिथे भारतीय न्यायालयाच्या अधिकारालाच आव्हान दिले. ऑक्टोबर २०२१ मध्ये सर्वोच्च न्यायालयाने परवानगी फसवणुकीने मिळवली असल्याचे म्हणत ती मागे घेतली. मूल मात्र तोवर देशाबाहेर होते.

हरसूलहून कोणते दार?

हे सारे खटले महानगरांतले वाटतात. पण नाशिक जिल्ह्यातील त्र्यंबकेश्वर तालुक्यातील, गुजरातच्या सीमेलगतच्या हरसूलसारख्या आदिवासीबहुल गावातील मुलगीही आज परिचारिका होऊन परदेशी जाऊ शकते, मुलगाही कामासाठी आखातात जाऊ शकतो. समजा, अशा जोडप्याचे पटेनासे झाले, मूल हरसूलला आजीकडे वाढते आहे आणि परदेशात असलेल्या पालकाने त्याला तिकडे नेण्याचे ठरवले. तर काय?

पहिली गोष्ट, नेणारा दुबईत असो वा जर्मनीत, मूल सामान्यतः हरसूलला राहत असेल तर पालकत्वाचा अर्ज नाशिकच्या जिल्हा न्यायालयात, किंवा कार्यक्षेत्रात येत असल्यास कौटुंबिक न्यायालयात करता येतो. दुसरी, १९५६ चा हिंदू अज्ञानत्व व पालकत्व अधिनियम अनुसूचित जमातींना केंद्र सरकारने तशी अधिसूचना काढल्याखेरीज लागू होत नाही. त्यामुळे कोकणा, महादेव कोळी किंवा वारली कुटुंबाच्या अर्जाचा मुख्य आधार १८९० चा कायदा असतो. वकिलाला भेटताना ही बाब आधी सांगावी. तिसरी, विधी सेवा प्राधिकरण अधिनियम, १९८७ च्या कलम १२ नुसार स्त्रिया, मुले आणि अनुसूचित जातीजमातींच्या व्यक्तींना मोफत कायदेशीर मदत मिळण्याचा हक्क आहे. नाशिकच्या जिल्हा विधी सेवा प्राधिकरणाकडे त्यासाठी अर्ज करता येतो. वकिलाच्या फीअभावी गेलेले सहा महिने हे या वादात केवळ सहा महिने नसतात.

आदेशात काय असावे?

वाद सामोपचाराने मिटला तरी समझोता तोंडी ठेवू नये. न्यायालयाच्या आदेशात किंवा संमतीपत्रात पुढील गोष्टी स्पष्ट असाव्यात :

१. प्रवासाचा कालावधी, परतीची तारीख आणि परतीचे तिकीट.

२. मुलाचा परदेशातील पत्ता व शाळा; त्यांत बदल झाल्यास किती दिवसांत कळवायचे.

३. पासपोर्ट कोणाकडे राहील आणि त्याच्या नूतनीकरणाला कोणाची संमती लागेल.

४. सुटीत भारतात किती दिवस, कोणाच्या खर्चाने आणि कोणासोबत यायचे.

५. व्हिडिओ कॉलची वेळ, दोन्ही देशांच्या घड्याळांप्रमाणे. दूर असलेल्या पालकाशी मुलाचे रोज निदान पाच-दहा मिनिटे बोलणे व्हावे, असे सर्वोच्च न्यायालयाने जानेवारी २०२० च्या निकालात नमूद केले आहे.

६. शक्य असेल तिथे त्या देशातील न्यायालयाकडून तसाच आदेश, आणि अटी मोडल्यास जप्त होणारी रक्कम.

ज्याचे मूल आधीच परदेशातून इथे, किंवा इथून परदेशी, न विचारता नेले गेले आहे, त्या पालकाने नातेवाइकांच्या बैठकांमध्ये आणि 'थोडे दिवस जाऊ द्या, राग शांत होईल' या सल्ल्यांत महिने घालवू नयेत. बोलणी चालू ठेवावीत, पण अर्ज आधी दाखल करावा. न्यायालय पुढे काय ठरवेल हे कोणी छातीठोकपणे सांगू शकत नाही. मात्र त्या मुलाची शाळा सुरू होते, त्याला मित्र मिळतात, त्याची भाषा बदलते. न्यायाधीशांनी एक ओळही लिहिण्याआधी निम्मा निकाल तिथेच लागलेला असतो.